आज्जीचा आवाज कुठं वाजला? परदेशातून बातमी देणाऱ्या रेडिओ पत्रकाराची गोष्ट

ज्यांना एसटीच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून ठेवतोय. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'काय होतं ना' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका व्हॉइस नोटनं करतो. किल्लारीच्या एका कॉलेजवयीन ताईनं पाठवलेली. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. ती म्हणते:

"दादा, मला परदेशात राहून तिथल्या बातम्या सांगणारी रेडिओ पत्रकार व्हायचंय. घरी हसतात. पण आज्जी हसत नाही. भूकंपानंतर आमच्या गावात बाहेरच्या देशांतली माणसं आली होती. एकानं आज्जीपुढं माईक धरला होता. आज्जीला ती काय बोलली ते शब्दन् शब्द आठवतं. पण ते कुठं वाजलं, कुणी ऐकलं, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. तर हे काम नेमकं असतं काय? आणि त्यात कसं जायचं?"

मी ही नोट तीन-चार वेळा ऐकली. करिअरचा प्रश्न आहेच, पण त्यात आज्जीचा प्रश्न मोठा आहे. आज दोन्ही घेऊ.

सुई आधी हलली, माणूस नंतर पोचला

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मिरवणुकीतून दमून आलेली माणसं गाढ झोपेत होती. ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातली किल्लारी, पलीकडं धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावं जमिनीला मिळाली. सरकारी नोंदीत ७,९२८ मृत्यू आहेत. बऱ्याच ठिकाणी दहा हजारांच्या आसपासचा आकडाही सांगितला जातो.

त्या क्षणी लंडनमध्ये २९ तारखेच्या रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. भूकंपाची पहिली लाट पृथ्वीच्या पोटातून जाते आणि किल्लारीपासून लंडनपर्यंतचं अंतर तिला दहा-अकरा मिनिटांचं असतं. म्हणजे गावात पहिली किंकाळी उठून पंधरा मिनिटं होण्याआधीच युरोपातल्या भूकंपमापकांपर्यंत किल्लारीचा धक्का पोचलेला होता.

पण सुईला एवढंच कळतं की कुठंतरी, अमुक इतक्या जोरानं जमीन हलली. तिथं माळवदाची घरं आहेत, आदल्या रात्री विसर्जन होतं, माणसं घरात झोपली होती, हे तिला कळत नाही. ते सांगायला माणूस लागतो, आणि माणसाला पोचायला वेळ लागतो. तेव्हा मोबाइल नव्हते. भारतातली मोबाइल सेवा १९९५ ची. गावात फोन असलाच तर एखादा, आणि ज्या भिंतीवर तो होता ती भिंतच पडलेली.

आता समजा तुम्ही परदेशी रेडिओचे पत्रकार आहात आणि किल्लारीला पोचलात. काय सांगाल? सगळ्यात सोपी बातमी अशी: भारतात भूकंप, हजारो ठार. यात चूक काही नाही. पण ती बातमी जगातल्या कुठल्याही भूकंपाची असू शकते. किल्लारीची बातमी वेगळी होती. ६.२ हा आकडा जगाच्या हिशेबात प्रचंड मोठा नाही. एवढ्याच तीव्रतेच्या भूकंपात दुसरीकडं मोजकी माणसं जातात. इथं इतकी का गेली?

एक कारण जमिनीखाली होतं. धक्का उथळ होता, आणि दख्खनचं पठार म्हणजे पक्का खडक, इथं मोठा भूकंप होणार नाही, असाच समज होता. वर्षभर आधी, १९९२ मध्ये, या भागात लहान धक्के जाणवले होते, तरीही.

दुसरं कारण जमिनीवर होतं. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच माळवद. दगड एकमेकांत नीट बांधलेले नव्हते, मधे नुसती माती. हलल्यावर भिंती फुटल्या आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

लंडनमध्ये चहा पीत रेडिओ ऐकणाऱ्या बाईनं माळवद कधी बघितलेलं नाही. तिला एका मिनिटात, फोटो न दाखवता, फक्त शब्दांनी हे घर उभं करून दाखवायचं आणि मग ते का पडलं ते सांगायचं. परदेशातून बातमी देणाऱ्या रेडिओ पत्रकाराचं मुख्य काम हेच आहे. काय झालं हे सुईसुद्धा सांगते. का झालं आणि कुणाचं झालं, हे पत्रकारानं सांगायचं असतं.

या कामात कोण कोण असतं

परदेशी वार्ताहर म्हटलं की आपल्याला एकच माणूस दिसतो, जाकीट घालून माईक धरलेला. प्रत्यक्षात चार प्रकारची माणसं असतात.

पहिला, मुक्कामी वार्ताहर. हा त्या देशात घर करून राहतो, ऑफिस चालवतो. दुसरा, घटना घडली की विमानानं येणारा आणि आठवड्यात परत जाणारा. तिसरा, स्ट्रिंगर. तो स्थानिक असतो, पगारावर नसतो, बातमीमागं पैसे मिळतात. आणि चौथा, फिक्सर. गाडी ठरवणारा, रस्ता माहीत असणारा, भाषा समजावून सांगणारा, 'या घरात आत्ता जाऊ नका, सुतक आहे' असं कानात सांगणारा. बातमी वाजते तेव्हा या चौथ्याचं नाव बहुतेक वेळा येत नाही.

किल्लारीत आज्जीपुढं माईक धरणारा बहुधा दुसऱ्या प्रकारातला असणार, आणि त्याच्या शेजारी कुणीतरी चौथ्या प्रकारातला उभा असणार. आज्जी मराठीत बोलली. शेजारच्यानं इंग्रजीत सांगितलं. त्यातला किती भाग पुढं गेला? आपल्याकडच्या बाईचं बोलणं कसं असतं बघा. "माझं सोन्यासारखं लेकरू मातीत गेलं" असं ती म्हणते, आणि दुभाषा म्हणतो, "तिचा मुलगा वारला." माहिती पोचली, बाई मागं राहिली.

म्हणून चांगले रेडिओ पत्रकार मूळ आवाज चार-पाच सेकंद तसाच ठेवतात आणि मग त्यावर भाषांतर चढवतात. भाषा कळली नाही तरी आवाजातला कंप कळतो. टीव्हीकडं चित्र असतं, पेपरकडं जागा असते, रेडिओकडं हा कंप असतो.

हा आवाज पाठवायचा कसा, हीसुद्धा त्या काळी एक कसरतच होती. आधी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची. मग फोनचा बोलायचा भाग उघडून, आतल्या तारांना छोटे चिमटे लावून, टेपरेकॉर्डरचा आवाज थेट लाइनीत सोडायचा. आज आपण दोन मिनिटांची क्लिप व्हॉट्सॲपवर टाकतो, तेवढ्यासाठी एखाद्या तालुक्याच्या पोस्टात अर्धा दिवस जायचा.

लंडनहून मराठी

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं काम, आपलं मराठी माणूस यात कुठं होतं? होतं, आणि ती बाई होती.

वेणू चितळे. जन्म १९१२, मूळ कोल्हापूरकडच्या. पुण्यात हुजूरपागेत शिकल्या आणि १९३० च्या दशकात इंग्लंडला गेल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये त्या बीबीसीत लागल्या. बीबीसीच्या पूर्वेकडच्या देशांसाठीच्या विभागात त्यांनी ज्या माणसाबरोबर काम केलं त्याचं नाव जॉर्ज ऑर्वेल. हो, 'अ‍ॅनिमल फार्म' आणि '१९८४' वाले. ते तेव्हा भारतासाठीचे कार्यक्रम तयार करत होते. १९४२ चा एक प्रसिद्ध फोटो आहे. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, मागं उभे ऑर्वेल, आणि त्याच टेबलाशी आपल्या वेणूताई.

मार्च १९४२ मध्ये बीबीसीवर मराठी सुरू झालं. युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रं ऑर्वेल इंग्रजीत लिहायचे, त्यांचा मराठीत अनुवाद व्हायचा आणि लंडनच्या स्टुडिओतून मराठी आवाजात ती भारताकडं यायची. शहरावर बॉम्ब पडण्याची भीती आणि आत मराठीत वाचन.

हा आवाज इतक्या लांब यायचा कसा? शॉर्टवेव्हनं. आपल्या एफएमची लहर सरळ जाते. डोंगर आला, पृथ्वीची गोलाई आली की संपली, म्हणून ती शे-सव्वाशे किलोमीटरच्या पुढं फारशी जात नाही. शॉर्टवेव्ह आकाशात जाते. वर काही शे किलोमीटरवर विद्युतभारित हवेचा थर असतो, आयनोस्फिअर. त्यावर आपटून ती परत जमिनीकडं वळते, जमिनीवरून पुन्हा वर, असं उड्या मारत खंड ओलांडते. हा थर दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा असतो. म्हणून जुनी माणसं रात्री रेडिओ कानाला लावून, काटा केसभर इकडं-तिकडं करत बसायची. तो खरखराटासकट ऐकायचा प्रकार होता.

पण वेणूताईंच्या गोष्टीत एक काटा आहे, तो लपवायला नको. बीबीसीचं हे प्रसारण युद्धातलं होतं, ब्रिटिश सरकारच्या बाजूचं. प्रत्येक संहिता आधी सेन्सॉरकडं जायची आणि वाचन चालू असताना आवाज बंद करायची कळ हाताशी घेऊन माणूस बसलेला असायचा. इकडं त्याच वर्षी 'छोडो भारत' चालू होतं. आपला मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मातृभाषेत बातमी यायची, पण ती कुणाच्या परवानगीनं यायची हा प्रश्न होताच. ऑर्वेलनाही तो टोचत होता. १९४३ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. आपल्या कष्टाचा उपयोग नाही, तिकडं फारसं कुणी ऐकतच नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं.

वेणूताई १९४७ मध्ये भारतात परत आल्या आणि १९५० मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी 'इन ट्रान्झिट' प्रसिद्ध झाली. बीबीसीचं मराठी प्रसारण १९५८ पर्यंत चाललं आणि थांबलं. मग थेट २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी पुन्हा आलं, पण आता इंटरनेटवर.

यातून आपल्या ताईला पहिली गोष्ट सांगतो. परदेशी माईक मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नाही. त्या माईकचा मालक कोण, तो काय बोलू देतो आणि काय नाही, हे पहिल्या दिवसापासून विचारायचं.

आला आणि राहिला

आता उलट्या दिशेचा माणूस. तिकडून इकडं आलेला. मार्क टली.

तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर नाव घेऊन बघा. 'बीबीसीचा मार्क टली' असं पूर्ण म्हणतील, जसं काही ते आडनावच आहे.

जन्म १९३५, कलकत्त्याचा. वडील इंग्रज व्यावसायिक. नंतर इंग्लंडमध्ये शिक्षण. केंब्रिजला धर्मशास्त्र शिकले, पाद्री व्हायचं होतं, ते जमलं नाही. १९६४ मध्ये बीबीसीत लागले, तेही पत्रकार म्हणून नाही, कर्मचारी विभागात. १९६५ मध्ये दिल्लीला आले तेसुद्धा कार्यालयीन कामावर. पत्रकारिता त्यांनी इथं आल्यावर उचलली. १९६९ मध्ये लंडनला परत गेले आणि १९७२ मध्ये वार्ताहर म्हणून पुन्हा दिल्लीत आले. मग वीसहून जास्त वर्षं दिल्ली कार्यालयाचे प्रमुख. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाही त्या खुर्चीवर तेच होते.

करिअरचा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. मागच्या दारानं आले. पण आल्यावर हिंदी शिकले, रेल्वेनं फिरले, गावांत राहिले. त्यांची एक नेहमीची तक्रार होती. मी हिंदीत बोलतो आणि शिकलेले भारतीय मला इंग्रजीतच उत्तर देतात.

१९७५ मध्ये आणीबाणी आली. सेन्सॉरच्या अटी मान्य करा, असं परदेशी पत्रकारांना सांगण्यात आलं. बीबीसीनं मान्य केलं नाही आणि टलींना २४ तासांत देश सोडावा लागला. त्या दिवसांतली एक गोष्ट त्यांनी नंतर सांगितली आहे. त्यांनी सरकारमधल्या फुटीची बातमी दिली, अशी अफवा वरच्या वर्तुळात पसरली होती. त्यांना अटक करा, असा फोन तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री इंद्रकुमार गुजराल यांना गेला. गुजराल यांनी काय केलं? परदेशी रेडिओ ऐकून त्याची नोंद ठेवणारा सरकारी विभाग असतो, तिथल्या नोंदी बघितल्या. अशी बातमी बीबीसीवर वाजलेलीच नव्हती. अटक टळली.

यात दोन धडे आहेत. एक, लोकांचा ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्या नावावर खोट्या बातम्याही खपतात. आज फॉरवर्ड मेसेजमध्ये जे चालतं ते तेव्हाही चालायचं. दोन, त्या दिवशी टलींना वाचवलं ते काय वाजलं होतं याच्या लेखी नोंदीनं. म्हणून तुमचं मूळ रेकॉर्डिंग कधीही डिलीट करू नका.

आणीबाणी उठली आणि टली १९७७ मध्ये परत आले.

६ डिसेंबर १९९२. अयोध्या. टली तिथं होते. मशिदीवर पहिला हल्ला झालेला बघितला, पण बातमी द्यायला फोन नाही. मग गाडीनं फैजाबादला गेले, तिथून बातमी दिली आणि पुन्हा अयोध्येला परतले. परत आल्यावर जमावानं घेरलं आणि त्यांना एका खोलीत कोंडलं. नंतर तिथल्याच लोकांच्या मदतीनं सुटका झाली. आज लाइव्ह करणाऱ्यांना गंमत वाटेल, पण बातमी द्यायला गावाबाहेर जायचं आणि धोका माहीत असून परत यायचं, हे त्या कामात गृहीतच धरलेलं होतं.

१९९३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच संस्थेच्या कारभारावर जाहीर टीका केली आणि १९९४ मध्ये राजीनामा दिला. पण दिल्ली सोडली नाही. भारत सरकारनं १९९२ मध्ये पद्मश्री आणि २००५ मध्ये पद्मभूषण दिलं, मधे २००२ मध्ये ब्रिटननं 'सर' केलं. ज्या देशाच्या सरकारनं एकदा बाहेर काढलं त्याच देशानं पुढं मान दिला.

शेजारी उभा असलेला माणूस

पण टलींची गोष्ट एकट्याची सांगितली तर ती अर्धीच सांगितली. त्यांच्याबरोबर सतीश जेकब होते. दिल्लीचे, बीबीसीच्या त्याच कार्यालयातले.

३१ ऑक्टोबर १९८४, सकाळी सव्वानऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. टली त्या दिवशी मसुरीला होते. दिल्लीत जेकब होते. ते एम्स रुग्णालयात पोचले, आतल्या माणसांकडून कळलं ते तपासलं आणि बातमी लंडनला गेली. पंतप्रधान गेल्याचं आकाशवाणीनं संध्याकाळी जाहीर केलं. बीबीसीवर ते कितीतरी तास आधी वाजलं होतं. राजीव गांधी तेव्हा बंगालच्या दौऱ्यावर होते. स्वतःच्या आईबद्दलची खात्रीची बातमी त्यांनी ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावून ऐकली.

विचार करा. देशातल्या सगळ्यात मोठ्या घरातल्या मुलाला स्वतःच्या देशाच्या रेडिओवर ती बातमी मिळेना, म्हणून परदेशी रेडिओ लावावा लागला. आणि त्या परदेशी रेडिओला ती बातमी देणारा माणूस दिल्लीचाच होता.

पुढं सुवर्णमंदिराच्या कारवाईवर टलींनी पुस्तक लिहिलं, 'अमृतसर'. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, मार्क टली आणि सतीश जेकब. जगभरातल्या हजारो फिक्सर आणि स्ट्रिंगर लोकांच्या वाट्याला हे येत नाही.

म्हणून ताई, दुसरी गोष्ट. तू उद्या नैरोबीत किंवा काठमांडूत जाशील तेव्हा तुझ्या शेजारी असाच कुणीतरी असेल. त्याला तिथलं तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल. त्याचं नाव घे.

आज हे करिअर उरलंय का?

खरं सांगतो, जुन्या रूपात फार थोडं उरलंय. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. मुक्कामी वार्ताहर ठेवणं महाग पडतं. ऑफिस, घर, विमा, प्रवास असा खर्च असतो, म्हणून जगभरच्या संस्था असे वार्ताहर कमी करतायत. आकाशवाणी काही शेजारी देशांत आपले वार्ताहर ठेवत आलीय, पण त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

आवाजाचं काम मात्र वाढलंय. तुम्ही आत्ता जे ऐकताय किंवा वाचताय तेही त्यातलंच. जगभरच्या रेडिओ संस्था पॉडकास्ट करतायत आणि त्यांना कुठल्या तरी गावात राहणारा, भाषा येणारा, नीट रेकॉर्ड करणारा माणूस हवा असतो. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात जायचा रस्ता आता पूर्वीपेक्षा जवळचा आहे.

शिकायचं कुठं? नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीला आयआयएमसीचं केंद्र आहे. आकाशवाणी जिल्ह्यांमध्ये अर्धवेळ वार्ताहर नेमते, त्याच्या जाहिराती बघत राहा.

आणि प्रवेश मिळेपर्यंत हातात फोन आहे ना? मग चार सवयी आजपासून लावा.

पहिली सवय. कुठंही रेकॉर्डिंग केलं की शेवटी अर्धा मिनिट गप्प राहून नुसता तिथला आवाज घ्या. विहिरीवरचा, बाजारातला, तेरणेच्या काठचा. नंतर तुकडे जोडताना तो लागतो, आणि ऐकणाऱ्याला तोच त्या जागी नेतो.

दुसरी. आपल्या गावातली एक वस्तू रोज अशा माणसाला समजावा ज्यानं ती कधी बघितलेली नाही. माळवद, बडवलेली ज्वारी, उसाची मोळी. साठ सेकंदांत. 'आपलं ते असतं ना' हे वाक्य वापरायचं नाही. हे जमलं की परदेशातली वस्तू आपल्या माणसाला समजावणंही जमतं, कौशल्य एकच आहे, फक्त दिशा उलटी.

तिसरी. आकडा सांगितला की तो कुणी दिला तेही सांगा. मी वर ७,९२८ म्हणताना 'सरकारी नोंदीत' म्हटलं, ते उगाच नाही. आपत्तीच्या पहिल्या दिवशीचा आकडा जवळजवळ कधीच शेवटचा नसतो.

चौथी. एक परकी भाषा पोटापुरती नाही, भांडणापुरती शिका. त्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करता आली की समजायचं, आली.

परत जायचं

आता राहिला आज्जीचा प्रश्न.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. नवी गावं आखीव, रुंद रस्त्यांची. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, हाक मारली की शेजारीण यायची. नव्या गावात अंतरं वाढली. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं ठेवायचा, असे प्रश्न आले. भूकंपानंतर आठ दिवसांत निघून गेलेल्या पत्रकाराला यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं, कारण ते घडायला अजून वर्षं होती. त्याच्या वहीत किल्लारी कायमची ढिगाऱ्यातच राहिली.

त्याला दोष देत नाही मी. त्यानं ती बातमी जगाला सांगितली म्हणूनही मदत आली. पण एखाद्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी तुम्ही त्याच्या तोंडापुढं माईक धरता, तेव्हा तुम्ही त्याच्याकडून उसनं घेता. उसनं घेतलं की परत जावं लागतं. निदान एवढं तरी सांगावं लागतं, की आज्जी, तुमचं बोलणं अमुक दिवशी, अमुक देशात वाजलं.

१९९३ मध्ये ते अवघड होतं, हेही खरं. आज्जीला पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवणार, गावच उरलं नव्हतं. आज तसं नाही. आज लिंक पाठवायला दोन सेकंद लागतात. म्हणून आजच्या पत्रकाराला 'जमलं नाही' असं म्हणायची सोय नाही.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तू या कामात जायला बाहेरून कुणापेक्षा मागं नाहीस. उलट तुझ्याकडं एक गोष्ट आहे जी मोठ्या शहरातल्या मुलांकडं नसते. माईकच्या दुसऱ्या बाजूला काय वाटतं, हे तुझ्या घरात माहीत आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या भूकंपानंतर तू एखाद्या म्हातारीपुढं बसशील, तेव्हा तुला तुझी आज्जी आठवेल आणि तू माईक धरायच्या आधी तिचं नाव विचारशील, कुठं वाजणार ते सांगशील आणि नंतर कळवशील. एवढं केलंस तरी पुष्कळ जणांच्या पुढं जाशील.

आणि सुरुवात घरातूनच कर. त्या पत्रकाराची टेप आता सापडणं कठीण आहे. पण आज्जी आहे, आणि तिला शब्दन् शब्द आठवतंय. आज संध्याकाळी पंखा बंद कर, फोन विमान मोडवर टाक, तिच्याजवळ बस आणि म्हण, "आज्जी, त्यांना काय सांगितलंस ते मला सांग." मधे बोलू नकोस. ती थांबली तर तूही थांब. शेवटी तो अर्धा मिनिट घे.

मग मला पाठव, आज्जीला विचारून. ती हो म्हणाली तर पुढच्या भागात लावू. ज्या दिवशी वाजेल त्या दिवशी तिच्या कानाला इअरफोन लाव. आपला आवाज कुठं वाजला, हे या वेळी तिला कळायला हवं.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या आणि आपापल्या आज्ज्यांचे फोन उचला.